ल्यूक स्कायवॉकर: १९८३चा खरा की २०१७चा?

गंगापूर रोडला मिसळ खायला बसलो की दुसऱ्यांदा रस्सा येईपर्यंत दादाचा आणि माझा वाद ‘स्टार वॉर्स’ या अंतराळपटांच्या मालिकेवर घसरतोच: तिचा नायक ल्यूक स्कायवॉकर खरा कुठला, जुन्या चित्रपटातला की नव्या?

दादाचा ल्यूक १९८३चा. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये त्याचा बाप, खलनायक डार्थ व्हेडर, हरून पडलाय, सम्राट ‘मार त्याला’ म्हणून चिथावतोय, आणि हा पठ्ठ्या आपली प्रकाशाची तलवार, लाइटसेबर, फेकून देतो. ज्याला डार्थ व्हेडरमध्येही चांगुलपणा दिसला, तो २०१७च्या ‘द लास्ट जेडाय’मध्ये झोपलेल्या भाच्यावर शस्त्र उपसेल कसा, हा दादाचा सवाल. खुद्द ल्यूक साकारणाऱ्या मार्क हॅमिललाही हा ल्यूक आधी पटला नव्हता, तसं तो उघड बोललाही होता.

पण दादा सोयीस्करपणे एक विसरतो. १९८३च्या त्याच झुंजीत बहीण लेयाचा विषय निघताच ल्यूकनं आधी पिसाटासारखे वार करून बापाचा हात तोडला, मग तो भानावर आला. भाच्याच्या उशाशीही तेच: क्षणभर भीती, लगेच लाज. फक्त या वेळी भाचा जागा झाला आणि उलटला. म्हणून मला बेटावर तोंड लपवून बसलेला म्हातारा ल्यूक जास्त जवळचा वाटतो. शेवटी क्रेट ग्रहावर तो अख्ख्या फौजेसमोर उभा राहतो, तोही प्रत्यक्ष तिथे न जाता, नुसत्या प्रतिमेच्या रूपात, एकालाही न मारता. हे १९८३च्या शस्त्र टाकण्याहून वेगळं आहे का?

बेटावरच्या ल्यूकचं ते हिरवं दूध पिण्याचं दृश्य मात्र मीही कापलं असतं. तिथे दादा जिंकला. बिलही त्यानंच दिलं.