लग्नाआधीचा करारनामा: 18,500 रुपये गेले, मूळ कागदही गेला

लाज वाटते, तरी लिहिते. माझं हे दुसरं लग्न. परभणीतलं घर पहिल्या नवऱ्यानं माझ्याच नावावर घेतलेलं. ते पुढं माझ्या मुलालाच मिळावं म्हणून लग्नाआधी आम्ही दोघांनी करारनामा केला. ह्यांनी मोकळ्या मनानं सही केली. फसले ती सहीनंतर.

कोर्टाबाहेर बसणाऱ्या एजंटानं "ताई, ताई" करत सगळं अंगावर घेतलं. स्टॅम्पपेपर 500, मसुदा 3,000, नोंदणी 9,000, आणि मूळ प्रत त्याच्या लॉकरात तीन वर्षं ठेवायचे 6,000. "घरात ठेवला तर उद्या कुणी फाडून टाकंल," म्हणला. मला पटलं. सासरी निघालेल्या बाईनं असला कागद कुणाच्या कपाटात ठेवायचा, तुम्हीच सांगा.

आठव्या दिवशी लॅमिनेशन केलेली रंगीत झेरॉक्स हातात दिली. नोटरीचा गोल शिक्का, वर पेनानं लिहिलेला आकडा. तिथंच ओळखायला पाहिजे होतं! घराच्या खरेदीखताला मी स्वतः दुय्यम निबंधकासमोर बसले होते. फोटो झाला, अंगठा झाला, छापील पावती मिळाली. ह्या वेळी आम्हाला कचेरीत कुणी बोलावलंसुद्धा नाही, आणि मी नोंदणी झाली असं धरून चालले. लग्न बारा दिवसांवर, आई दवाखान्यात. कधी बघणार होते मी?

सात महिन्यांनी वकिलांनी मूळ प्रत मागितली. एजंट म्हणला, लॉकर उघडायचे आणखी 4,000. दिले नाहीत, तर फोन बंद आणि टपरीला कुलूप.

नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे डोक्यात घट्ट बसवा. नोटरीच्या रजिस्टरात तुमची सही झाली का, नोंद क्रमांक काय, तिथल्या तिथं बघा. 1908 च्या नोंदणी कायद्यानं सहीपासून चार महिन्यांत कागद हजर करायचा असतो. दंड भरून पुढं चार महिने मिळू शकतात, पण माझ्याकडं मूळ कागदच नाही, हजर काय करू? शिवाय असा करार कोर्ट मानेलच असं नाही, करार कायद्याचं कलम 23, म्हणजे बेकायदा किंवा लोकहिताविरुद्धचे करार रद्द ठरवणारं कलम, आडवं येऊ शकतं. घरासाठी मृत्युपत्रच करायला हवं होतं. ते तर बंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडं ठेवायची सोय कायद्यातच आहे. आणि मी 6,000 टपरीवाल्याच्या हातात दिले.

निबंधक कचेरीत म्हणले, "आमच्याकडं नोंद नाही, आमचा संबंध नाही." ज्या नोटरीचा शिक्का, ते म्हणतात शिक्का माझा नव्हेच, मग तसं लेखी द्या म्हणलं तर तोंड फिरवलं. पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर बसवून ठेवलं. शेवटी, "दिवाणी मॅटर आहे बाई, कोर्टात जा." खोटा शिक्का मारून पैसे घेतले, त्यात दिवाणी काय आहे? दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या खेपेला हवालदारानं मलाच विचारलं, लग्नाआधी असले करार करतं का कुणी? ह्यांच्यासमोर विचारलं.

मूळ प्रत कुणाच्याही हाती सोडू नका, सख्ख्या भावाच्याही नाही. पैसे रोख देऊ नका, माझे रोखच गेले. स्टॅम्पपेपरला लॅमिनेशन करू देऊ नका.

सोमवारी परत ठाण्यात जाणार आहे, अर्जाच्या दोन प्रती घेऊन. एकीवर पोच मिळाल्याशिवाय उठणार नाही.