सातारा जिल्हा जनगणना पुस्तिका (2011): पाचपैकी चार तारे

पाण्याच्या टाकीवरून ग्रामसभेत जुंपली. सरपंच म्हणाले, "गुरुजी, गावात कुटुंबं किती ते कागदावर दाखवा, मग बोलू." घरी येऊन जनगणनेच्या संकेतस्थळावरून ही पुस्तिका उतरवली. पैसे नाहीत, अर्ज नाही, साहेबांची सही नाही.

दोन भाग आहेत. 'अ' भागात शाळा, दवाखाना, नळ, एस.टी. गावात आहे का ते. नसेल तर अंतराचं अक्षर: ए म्हणजे पाच किलोमीटरच्या आत, बी म्हणजे पाच ते दहा, सी म्हणजे त्याहून लांब. आमच्या दवाखान्यापुढे सी! वाचून हसावं की रडावं कळेना. 'ब' भागात घरं, माणसं, सहा वर्षांपर्यंतची पोरं, साक्षर, शेतमजूर, सगळं बाया-पुरुष वेगळं करून. गाव नावाने शोधू नका, एकाच नावाची गावं निघतात आणि स्पेलिंगही भलतंच असतं. सहा आकडी कोड धरा.

एक तारा कापला तो आकड्यांच्या वयाचा. 2021 ची गणना झालीच नाही, पुढची 2027 ला. तेव्हाचं रांगतं पोर आता दाढी करतंय.

दुसऱ्या एका खात्याचं संकेतस्थळ नव्याने सजवलं, तेव्हा मी खूण करून ठेवलेले जुने अहवाल गायब झाले. फोन केला तर "नवीन साइटवर बघा" एवढंच. म्हणून ही पुस्तिका पेनड्राइव्हवर घेतली, आणि आमच्या गावाचं पान छापून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर डकवलंय.