ट्रॅकार वापरून बरेच महिने झाले, आमच्याकडच्या गाड्यांचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी ट्रॅकार टाकलं होतं, म्हणजे गाडीतल्या जीपीएस डब्याकडून गाडी कुठे आहे ते घेऊन आपल्याच सर्व्हरवर दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर. मधात सोयाबीन निघालं, संत्र्याचा आंबिया बहार गेला, आता मृग बहाराची तोडणी पण आटोपत आली, म्हणजे सगळ्या हंगामातून काढून पाहिलं अन् मग लिहून राहिलो. आधीच सांगतो, सॉफ्टवेअर लय चांगलं आहे, मी सोडणार नाही. पण ज्याला वाटते की फुकट आहे म्हणजे टाकलं अन् झालं, त्यानं हे पूर्ण वाचावं, कारण पैसा वाचते पण वेळ लागते, अन् तो नेमका कुठे लागते हे कोणी नीट सांगत नाही.

आम्ही वरुड तालुक्यातले. घरचा ट्रॅक्टर, एक पिकअप, एक छोटा हत्ती (लहान मालगाडी) अन् भावकीतलं हार्वेस्टर, एवढंच. पिकअप संत्रा घेऊन कधी नागपूरच्या कळमना बाजारात, कधी अमरावतीला, कधी वर पांढुर्ण्याकडे. याच्या आधी तयार कंपनीचा जीपीएस होता, वर्षाचा रिचार्ज भरायचा अन् त्यांच्या ॲपात पाहायचं. एक दिवस ॲप उघडेच ना, विकणारा फोन उचले ना, अन् मागचा सगळा रेकॉर्ड गेला. डबा चांगला होता, सिम चालू होतं, पण हिशोब दुसऱ्याच्या घरी होता. तेव्हाच ठरवलं की आता सर्व्हर आपला पाहिजे.

ट्रॅकार म्हणजे जावात लिहिलेला सर्व्हर, अपाचे २.० लायसन्सचा, म्हणजे वापरा, बदला, धंद्यात लावा, कोणाला विचारायची गरज नाही. २०० च्या वर प्रोटोकॉल (डब्यांची बोलायची भाषा) अन् २,००० च्या वर मॉडेलचे डबे त्याला समजतात, म्हणून जुना डबा फेकावा लागला नाही, फक्त त्याचा पत्ता बदलून आपल्या सर्व्हरचा टाकला. ओपनजीटीएस पण पाहिलं होतं, तेही ओपन सोर्सच, पण त्याला टॉमकॅट नावाचा वेगळा वेब सर्व्हर बसवा, डेटाबेस बसवा, अन् दिसायला पण जुनाट, म्हणून पुतण्या म्हणे काकाजी हे राहू द्या. ट्रॅकारचा इन्स्टॉलर जावा सोबतच घेऊन येते. एक जीबी रॅमचा भाड्याचा छोटा सर्व्हर आमच्या गाड्यांना पुरून उरला. घरच्या कॉम्प्युटरवर ठेवू नका, आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही अन् इन्व्हर्टर पंख्यालाच पुरत नाही.

टाकल्या टाकल्या दोन कामं करा. नव्या व्हर्जनमध्ये पहिलं खातं जो उघडते तोच ॲडमिन होते, म्हणून इन्स्टॉल केलं की लगेच खातं उघडा अन् सेटिंगमध्ये जाऊन बाकीच्यांसाठी रजिस्ट्रेशन बंद करा. दुसरं, सोबत येणारा एचटू डेटाबेस पाहण्यापुरता आहे, कायमचं वापरायचं असेल त सुरुवातीलाच मायएसक्यूएल नाही त पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस लावा. पुढे जाऊन जुना डेटा इकडचा तिकडे करणं लय किचकट आहे.

आता जिथे दहातले नऊ जण अडकतात ती गोष्ट, पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर. वेबसाइट ८०८२ वर उघडते म्हणून लोक डब्यातही ८०८२ टाकतात अन् मग बोंबलतात की गाडी दिसत नाही. प्रत्येक प्रोटोकॉलचा पोर्ट वेगळा आहे. जीटी०६ जातीचे जे डबे आपल्याकडे सगळ्यात जास्त लागतात त्यांचा ५०२३, टेल्टोनिकाचा ५०२७, अन् मोबाईललाच ट्रॅकर बनवणारं ट्रॅकार क्लायंट ॲप ५०५५ वर बोलते. तो पोर्ट सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये पण उघडावा लागते.

अन् गाडी तरी दिसली नाही तर अंदाज बांधत बसू नका, लॉग (सर्व्हरची नोंदवही) उघडा. ट्रॅकारचं सगळ्यात मोठं सुख हेच आहे. डबा काय बोलून राहिला ते लॉगमध्ये जसंच्या तसं दिसते. जीटी०६ चा डबा चालू झाला की पहिली ओळ ७८७८ नं सुरू होते, मग ०डी, मग ०१, म्हणजे लॉगिन, अन् त्याच्या मागे एक शून्य लागून डब्याचा पंधरा आकडी आयएमईआय (त्याचा ओळख नंबर) उभा राहते, शेवटी ०डी०ए. ही ओळ आली म्हणजे सिम बरोबर, नेट बरोबर, पत्ता बरोबर. त्याच्याखाली 'अननोन डिव्हाइस' असेल त फक्त आयएमईआय सर्व्हरमध्ये टाकायचा राहिला आहे. ओळच आली नाही तर दोष सर्व्हरच्या आधी आहे, सिम नाही त एपीएन (सिमच्या नेटचं सेटिंग) नाही त पोर्ट. तयार कंपनीच्या ॲपात असं काहीच दिसत नाही, तिथे फक्त 'ऑफलाइन' लिहून येते अन् तुम्ही फोन लावत बसता.

सिमचं सांगतो. स्वस्तातले बरेच डबे टूजीवर चालणारे आहेत, अन् जिओकडे टूजी नाहीच, त्यामुळे जिओचं सिम टाकून कितीही डोकं फोडलं तरी तो डबा बोलणार नाही. एअरटेल नाही त व्हीआयचं टाका, पण आधी त्याच सिमचा साधा मोबाईल घेऊन आपल्या शेतात अन् गाडी उभी राहते तिथे रेंज पाहून या. डेटा लय कमी लागते, महिन्याला काही एमबी. नवीन घेणार असाल त सरळ फोरजीचा डबा घ्या, दोन पैसे जास्त जातील पण पुढची कटकट वाचते. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला रेंज जाते येते, तेव्हा डबा पॉइंट स्वतःत साठवून ठेवते अन् रेंज आली की ओततो, रस्ता पूर्ण दिसते, पण अलर्ट उशिरा येते. चोरीच्या भरवशावर लावत असाल त ही गोष्ट ध्यानात ठेवा. सगळे डबे साठवत पण नाहीत, घेताना विचारा.

बसवणं. लाल प्लस, काळी मायनस, अन् जीटी०६एनला नारिंगी वायर इग्निशनची, म्हणजे चावी चालू की बंद ते सांगणारी. मिस्त्री लाल-काळी जोडून मोकळा होते अन् नारिंगी गुंडाळून ठेवते. ती लावायलाच सांगा, तिच्याशिवाय अर्धं ट्रॅकार वाया आहे. ट्रॅक्टरला डबा बोनटखाली देऊ नका, आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन अन् वरून इंजिनची वाफ, आतली बॅटरी फुगते. लोखंडी पत्र्याच्या आत पण नको, आभाळ दिसलं पाहिजे त्याला. ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल त मेन स्विच बंद करा, डबा थोडी थोडी बॅटरी पितच राहते.

नारिंगी वायरीचा फायदा कुठे झाला ते सांगतो. समरी रिपोर्टमध्ये इंजिन किती तास चाललं ते येते. रोटाव्हेटरचं काम तासावर असते, अन् तासाचं भांडण आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे, मालक म्हणते तीन तास झाले, शेतकरी म्हणते अडीच. आमच्या शेजारच्या गावचे एक काकाजी, वयस्कर माणूस, बिलावर नाराज होते. म्हणाले, "बापू, तुह्या मोबाईलात काय दिसते ते मले नोको सांगू, मी बांधावरच बसून होतो." मी म्हटलं काकाजी, तुम्ही सांगा किती वाजता आला ट्रॅक्टर. ते म्हणाले सकाळचा चहा झाल्यावर, सव्वाआठ. रिपोर्टात इग्निशन ऑन आठ वाजून अठरा. मग मधात ड्रायव्हर जेवायला बसला तेव्हा बंद केलेला तेवढा वेळ पण त्यात वजा दिसला, अन् ते पाहून काकाजी खुश झाले, कारण जेवणाचे पैसे आपण कापतो हे त्यांना आजवर खरं वाटत नव्हतं. आता ते स्वतःच म्हणतात, कागद काढून दे. रिपोर्ट एक्सेलमध्ये निघते, प्रिंट काढून देतो.

याच्यासाठी एक सेटिंग पाहिजे. ट्रॅकार मुळात गाडी हलली की ट्रिप अन् पाच मिनिटं थांबली की थांबा असं धरते. रस्त्यावरच्या पिकअपला ते बरोबर आहे. वावरात ट्रॅक्टर फिरते, अडते, नांगर काढते, तिथे रिपोर्टचे तुकडे तुकडे होतात. कॉन्फिग फाइलमध्ये ट्रिप इग्निशनवरून धरायचा पर्याय आहे तो लावला की एक काम म्हणजे एक ओळ.

अजून तीन गोष्टी ज्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या. आत सगळा वेग नॉटमध्ये राहते, १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. स्क्रीनवर किलोमीटर करता येते, पण कॉम्प्युटेड ॲट्रिब्यूटमध्ये (स्वतःचा हिशोब मांडायची जागा) काही सूत्र लिहिलं त तिथे आकडा नॉटचाच येते. दुसरं, वेळ यूटीसीत (जागतिक वेळेत, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) राहते, म्हणून डब्याचा टाइम झोन शून्यावर ठेवायचा, नाही त गाडी साडेपाच तास पुढे पळताना दिसते. तिसरं, उभ्या गाडीचा पॉइंट पाच-दहा मीटर इकडे तिकडे नाचते अन् रात्रभरात फुकटचे किलोमीटर चढतात, त्यासाठी फिल्टर आहेत, ते सुरुवातीला बंद असतात, चालू करून घ्या. जिओफेन्स (नकाशावर काढलेली हद्द, गाडी आत-बाहेर झाली की कळवते) पण घराला चिकटून काढू नका, जरा सैल काढा, नाही त गाडी अंगणात उभी अन् मोबाईलवर आली-गेली आली-गेली चालू.

ड्रायव्हरचं. आमच्या पोरांना पहिल्या दिवशीच सांगितलं की डबा कुठे आहे अन् त्यात काय दिसते, अन् ज्याच्या त्याच्या गाडीचं लॉगिन त्याला देऊन टाकलं. ट्रॅकारमध्ये कोणाला कोणती गाडी दिसावी हे वेगवेगळं ठेवता येते. लपवून लावणारे मालक पाहिलेत मी, तिथे महिन्याभरात वायर तुटते. आमचा पिकअपवाला आता स्वतः रिपोर्ट दाखवते की बाजारात गाडी खाली व्हायला पाच तास लागले, उशीर माझा नाही. दलालाला काही तासांपुरती लिंक पाठवता येते, गाडी कुठवर आली ते तो स्वतः पाहते, सारखे फोन बंद झाले.

पांदण रस्त्यांचं मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. ट्रॅकार नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा (लोकांनी मिळून काढलेला फुकटचा नकाशा) दाखवते, अन् त्यात आमच्याकडे डांबरी रस्ता होता, गाव होतं, पांदणी मात्र जवळपास नव्हत्याच. गाडी नकाशावर कोऱ्या जागेत चाललेली दिसे. मग लक्षात आलं की ट्रॅक तर आपल्याकडेच आहेत, तोच ट्रॅक्टर त्याच पांदणीनं सगळ्या हंगामात गेला आहे. त्या ट्रॅकची जीपीएक्स फाइल काढली, ओपनस्ट्रीटमॅपच्या एडिटरमध्ये टाकली, अन् पुतण्यानं एकावर एक पडलेल्या रेघांच्या मधून रस्ता ओढला, कच्च्या वाटेचा टॅग लावला. जिथे नाल्यावर रपटा (वरून पाणी जाणारा बुटका पूल) आहे तिथे तसं टाकलं, कारण पावसाळ्यात तिथून छोटा हत्ती जात नाही. आता बाहेरून आलेला हार्वेस्टरवाला मोबाईल पाहून वावरापर्यंत येते, चौकात उभा राहून फोन करत नाही. ॲम्ब्युलन्सला पण हेच रस्ते लागतात. तुमच्याकडे ट्रॅक पडून असतील त हे काम नक्की करा, फक्त कोणाच्या घराच्या आत गेलेली रेघ टाकू नका.

विमानाचं पण लोक विचारतात की यातच दिसते का. ते वेगळं प्रकरण आहे. विमान आपली जागा स्वतःच १०९० मेगाहर्ट्झवर ओरडून सांगत जाते, एडीएस-बी म्हणतात त्याला, सिम नाही की सर्व्हर नाही. पुतण्यानं स्लॅबवर अँटेना, आरटीएल-एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लागणारा स्वस्त रेडिओ) अन् रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर डम्प१०९० हे सॉफ्टवेअर लावलं आहे, तेही ओपन सोर्स. नागपूरवरून जाणारी लय विमानं दिसतात, उंची फुटात, अन् भारतात नोंदलेल्या विमानाचा कोड ८००००० ते ८३एफएफएफएफ या पट्ट्यातला. दहा किलोमीटर उंचीवरचं विमान मोकळ्या क्षितिजावर ४०० किलोमीटरपर्यंत ऐकू येऊ शकते, आमचं उत्तरेकडे डोंगरानं अडते. शाळेच्या पोरांना दाखवायला फार छान आहे, धंद्याला उपयोग नाही.

अन् प्रवासी गाडीवाल्यांनी एक ध्यानात ठेवा. १ जानेवारी २०१९ पासून भाड्यानं प्रवासी नेणाऱ्या नव्या वाहनांना (दुचाकी, तीनचाकी सोडून) एआयएस-१४० या सरकारी मानकाचा मंजूर डबा अन् पॅनिक बटन सक्तीचं आहे. आपलं ट्रॅकार त्याच्या जागी चालणार नाही, सोबत चालेल.

डिझेलचं मात्र माझं समाधान झालं नाही. सगळे पहिलं तेच विचारतात, डिझेल चोरी कळते का. टाकीत सेन्सर असेल तर ट्रॅकार आकडा दाखवते, सेन्सर नसेल त ते तरी कुठून दाखवणार. मी सध्या इंजिनच्या तासावरून लिटर काढून पाहतो, पण रोटाव्हेटरला वेगळं लागते अन् ट्रॉलीला वेगळं, नुसत्या तासावर कोणावर बोट ठेवता येत नाही अन् ठेवूही नये. कोणी ट्रॅक्टरच्या टाकीत सेन्सर बसवला असेल त सांगा, कोणता बसवला, खर्च किती आला, अन् वावरातल्या हादऱ्यात आकडा स्थिर राहते का.