तुळशीबागेमागचं नावं घालणारं दुकान: रोमन तारीख घालायची असेल तर वाचा

काम एक नंबर, पण भाव आधी विचारून घ्या, कारण इथे अक्षरावर पैसे लागतात आणि रोमन आकड्यांत तुमचं साल कुठलं त्यावर सगळं बिल ठरतं.

आईबाबांच्या लग्नाची तारीख ८.५.१९८८, चांदीच्या दोन फुलपात्रांवर घालायची होती. साध्या आकड्यांत सहाच आकडे झाले असते. रोमनमध्ये आठची चार अक्षरं, पाचचं एक आणि १९८८ ची तब्बल अकरा! एम म्हणजे १०००, सीएम ९००, एल ५०, तीन एक्स ३० आणि व्हीपुढे तीन आय म्हणजे ८. एकूण सोळा, अक्षराला २० रुपये, म्हणजे एका फुलपात्राचे ३२०. आमच्या मागच्या जोडप्याची तारीख १०.१०.२०१०, त्यांचं पाच अक्षरांत शंभर रुपयांत उरकलं. घासाघीस करून बघितली तर काका म्हणाले, "भाव मी नाही वाढवला ताई, रोमन लोकांनी वाढवलाय."

पण काकांना यातलं खरंच कळतं आणि इथे जायचं ते त्यासाठीच. मोबाईलवर दाखवाल ते डोळे मिटून कोरत नाहीत, आधी कागदावर फोड करून दाखवतात, मगच सुई भांड्याला लागते. एक मुलगा १९९९ साठी एम-आय-एम लिहून आलेला, हजारातून एक वजा, वरवर बरोबरच वाटतं ना, पण आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी लागतो, एक्स हा एल आणि सीच्या आधी, सी हा डी आणि एमच्या आधी. म्हणून आधी नऊशे, मग नव्वद, मग नऊ असं लिहायचं, एम, सीएम, एक्ससी, आयएक्स. तीनाची सात अक्षरं झाली, त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. अक्षरावर पैसे घेणारा माणूसच अक्षरं वाढवतोय म्हटल्यावर संशय येणारच, पण मी तिथेच मोबाईलवर तपासलं, काका बरोबर होते.

दिवस, महिना, साल यांच्या मधे टिंब घालायला सांगा, नाहीतर आठ आणि पाच एकमेकांना चिकटून काही म्हणजे काही वाचता येत नाही. टिंबाचे पैसे घेत नाहीत, उपकारच म्हणायचे. आणि ०८ ०५ असं मागू नका, रोमनमध्ये शून्यच नाही. दुकानातल्या लंबकाच्या घड्याळावर चारला चार आय दिसतील, ती घड्याळवाल्यांची जुनी पद्धत आहे (लंडनच्या बिग बेनवर मात्र आय-व्ही आहे), तारखेत आय-व्हीच घ्या.

एक स्टार कापलाय तो दुसऱ्या फुलपात्रासाठी. शेवटचे तीन आय इतके जवळ आलेत की त्यांच्या वरच्या-खालच्या आडव्या रेघा एकमेकींना टेकल्यात आणि लांबून एकच जाड पट्टा दिसतो. गोल भांडं असेल तर बिनरेघांचा साधा उभा दांडाच मागा, आणि पहिलं भांडं झालं की हातात घेऊन बघा, मगच दुसरं करायला सांगा.

गाडी नेऊ नका, मेट्रोने मंडईला उतरून चालत जा. जीपे चालतं, पावती मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही.