तिठ्यावरच्या ट्रान्सपोर्टला पाचपैकी साडेतीन

गेल्या मे महिन्यात पुण्याला भाचीकडे दोन डझन हापूस कुरियरने पाठवला. मोबाइलवर तीन दिवस नुसतं ‘मार्गस्थ’ दिसत होतं. चौथ्या दिवशी खोका पोहोचला तेव्हा आतला रस आपोआप निघालेला होता. त्या कुरियरवाल्यांना एक तारा द्यायला बसले आणि मनात आलं, ज्यांनी वीसेक हंगाम आमचा आंबा मुंबईला नेला त्यांच्याबद्दल आपण कधी एक ओळ लिहिली नाही.

आमची बाग रत्नागिरीजवळ. तिठ्यावर एकाचं ट्रान्सपोर्ट होतं. दोन टाटा ट्रक, पत्र्याची शेड, एक टेबल, एक फोन. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि मालकाची मुलं गावातच राहतात.

पेट्या भरणं आणि वही लिहिणं ही कामं माझी. पेंढ्यात आंबा लावायचा, फळ्या ठोकायच्या, पत्र्याच्या साच्यातून आमचा मार्का रंगवायचा, बाजूला ‘पाच डझनी’ नाहीतर ‘सहा डझनी’. दुपारी चारच्या सुमाराला गडग्यापाशी हॉर्न वाजायचा. पावती म्हणजे मार्का आणि नग लिहिलेली चिठ्ठी. भाडं आमच्या हातून कधी गेलंच नाही. मुंबईचा दलाल ते ट्रान्सपोर्टला द्यायचा आणि हमाली-दलालीबरोबर आमच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, कापायचा.

माल लावावा तर त्यांनी. दोन रांगांमधून वारा खेळेल अशा पेट्या रचायचे, ताडपत्री वरून ताणून बांधायचे आणि मागून मोकळी ठेवायचे. कोंडलेल्या गाडीत आंबा तापतो, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. मग हातखंबा, संगमेश्वर, चिपळूण, परशुराम घाट, भोस्ते, कशेडी, महाड, पनवेल. साधारण साडेतीनशे किलोमीटर, आणि उजाडायच्या आत क्रॉफर्ड मार्केट. 1996 मध्ये घाऊक फळबाजार वाशीला गेला तेव्हा ड्रायव्हर खुशीत होता. म्हणाला, ‘वहिनी, आता तासभर झोप जास्त.’

पण मी तारे देणार ते वेगळ्याच कामासाठी. दलालाची पट्टी टपालाने यायला आठवडा लागायचा. ड्रायव्हर त्याच्या आधी परतायचा आणि गाडीतूनच सांगायचा, देवगडचा माल किती उतरला, पाच डझनीला काय भाव फुटला, गिऱ्हाईक हात आखडतंय का. त्यावरून आमची दुसऱ्या दिवशीची तोड ठरायची. एकदा पट्टीतला भाव आणि त्याने कानांनी ऐकलेला भाव जुळेना. ह्यांनी दलालाला पत्र टाकलं. उत्तर आलं नाही, पण पुढच्या पट्टीत फरक जमा होता. दलाल त्या ड्रायव्हरला नंतर चहा विचारेनासा झाला, असं क्लीनर पोरानं हसत सांगितलं.

आता तक्रारी. एका हंगामात कशेडीत गाडीचा पाटा तुटला, माल दीड दिवस उशिरा पोहोचला आणि निम्मा मऊ पडला. मालक स्वतः आला, ओटीवर बसला, त्या खेपेचं भाडं सोडलं. नुकसानीचं नाव काढलं नाही, आम्हीही काढलं नाही. मी काढणार होते, ह्यांनी डोळ्यांनी गप्प केलं. हिशेबही त्यांचा गलथान. नग कमी भरले की ‘हमालांनी दुसऱ्याच्या गाळ्यात टाकले असतील’ हे ठरलेलं उत्तर. विम्याचा तर विषयच नव्हता.

परतीच्या गाडीत किराणा, पत्रे, चाकरमान्यांच्या ट्रंका. माझं शिलाई मशीन थोरल्या दिरांनी दादरहून त्याच गाडीत घातलं होतं. भाडं विचारलं तर मालक म्हणाला, ‘भरल्या गाडीला मशीन काय जड!’

कोकण रेल्वेमुळे हे ट्रान्सपोर्ट बंद पडलं असं लोक म्हणतात. मला पटत नाही. आमच्या पेट्या तेव्हाही ट्रकनेच जायच्या. पण मोठ्या बागायतदारांनी स्वतःच्या गाड्या घेतल्या, आणि उरलेल्या आमच्यासारख्यांच्या पंधरा-वीस पेट्यांसाठी बागेबागेत थांबणं मालकाला परवडेना. लाकडी पेट्याही गेल्या, पुठ्ठ्याचे खोके आले.

वेळेला आणि माल लावण्याला पैकीच्या पैकी. एक तारा हिशेबासाठी कापते. अर्धा त्या पेटीसाठी, जी वाटेत फळी उचकटून वरचा थर काढून पुन्हा ठोकलेली निघाली. खिळे आमचे नव्हते.