ड्वार्फ फोर्ट्रेस: पूल उचलता की सरकता, खंदक कोरडा की पाण्याचा?

ड्वार्फ फोर्ट्रेस या संगणक खेळात ड्वार्फ म्हणजे बुटक्यांचा किल्ला उभारायचा असतो. नवा किल्ला असेल तर कोरडा खंदक आणि उचलता पूल हीच जोडी घ्या. पाण्याचा मोह पहिल्या वर्षी टाळलेला बरा.

दोन्ही पुलांना सामान सारखंच लागतं. मेकॅनिझम (यंत्राचे सुटे भाग) एकूण तीन: एक लिव्हर, म्हणजे पूल हलवणारा दांडा, उभारायला, आणि दोन तो दांडा पुलाशी जोडायला. फरक दिसतो तो लिव्हर ओढल्यावर. उचलता पूल ज्या कडेवर उभा राहतो तिथे भिंतच होते, आणि ट्रोल या धिप्पाड राक्षसालाही ती फोडता येत नाही. सरकता पूल नुसता नाहीसा होतो. दरवाजा सताड उघडा राहतो आणि पलीकडचे तिरंदाज थेट आत नेम धरतात. हा पूल सापळा म्हणून उत्तम, वर उभे असलेले खाली जातात. पण एकमेव फाटक म्हणून नको.

उचलत्या पुलाची दिशा किल्ल्याकडे ठेवा, नाहीतर भिंत पलीकडच्या काठावर उभी राहते. रुंदी किमान तीन टाइल (नकाशावरचे चौकोन) हवी; त्याहून अरुंद वाटेने व्यापाऱ्यांच्या वॅगन येत नाहीत. लिव्हर ओढल्यावर पूल हलायला 100 टिक (खेळातल्या वेळेचं सर्वात लहान माप) लागतात, शिवाय ड्वार्फ लिव्हरपर्यंत चालत जाणार तो वेळ वेगळा. किल्ले पडतात ते याच उशिरात. म्हणून लिव्हर जेवणघराजवळ बसवा, तिथे कुणी ना कुणी रिकामं असतंच. एक सावधगिरी: फार अवाढव्य प्राणी पुलावर असताना लिव्हर ओढली तर पूलच मोडतो.

कोरड्या खंदकाचा घात रॅम्प, म्हणजे चढउताराचे उतार, करतात. चॅनल (वरून खाली खणलेला चर) खणला की तळाशी रॅम्प उरतो. ते सगळे काढले नाहीत तर शत्रू एका बाजूने उतरून दुसरीकडून आरामात वर येतो, आणि वरून पाहिलं तर खंदक पुरा झालाय असंच वाटतं. शेवटचा रॅम्प काढणारा खाली अडकू नये म्हणून आतून एक बोगदा ठेवा; काढणारा बाहेर आला की बोगदा भिंत घालून बुजवा. दगडी बाजू गुळगुळीत करून घेतल्या की चढणं फार अवघड होतं. मातीच्या बाजूंना हा उपाय नाही.

पाणी भरायचं तर नदीचं घ्या, डबक्याचं आटतं. फ्लडगेट (पाणी अडवणारं दार) आणि त्याची लिव्हर आधी जोडा, चालवून पाहा, मगच नदीकाठची शेवटची टाइल वरून चॅनलने फोडा. बाजूने फोडणारा ड्वार्फ पाण्याच्या लोंढ्यात सापडतो. आणि थंड प्रदेशात पाणी नकोच. हिवाळ्यात ते गोठतं आणि शत्रू बर्फावरून चालत भिंतीपाशी येतो. श्वासच न घेणाऱ्या, उठून चालणाऱ्या मृतांना तर पाणी बुडवूही शकत नाही.