एचएफ ट्रान्समीटरच्या फायनलला काय लावाल: आयआरएफ ५१० की आरडी १६?

पाच-दहा वॅटचा एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झचा) ट्रान्समीटर घरी बांधायला घेतला, की ऑसिलेटर, मिक्सर सगळं ठरतं आणि गाडी फायनल स्टेजपाशी, म्हणजे अँटेनाला पॉवर देणाऱ्या शेवटच्या टप्प्यापाशी अडते. तिथे ट्रान्झिस्टर म्हणून आयआरएफ ५१० लावायचा, की मित्सुबिशीचा आरडी १६ एचएचएफ १? आधी हे ठरवा की तुम्हाला सर्वांत वरचा बँड कोणता हवाय. बाकी वाद नंतर.

आयआरएफ ५१० मुळात रेडिओसाठी नाहीच. स्विचिंगसाठी (करंट चालू-बंद करायला) बनवलेला १०० व्होल्टचा मॉसफेट (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) आहे तो. स्वस्त, सहज मिळणारा, म्हणून हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींचा लाडका. हैदराबादच्या बिटएक्स ४० या रेडिओ किटमध्ये हा एकटाच फायनलला आहे, मायक्रोबिटएक्समध्ये जोडीने. घोडं अडतं ते गेटच्या (सिग्नल देण्याच्या पायाच्या) कपॅसिटन्सवर. डेटाशीटमध्ये तो १८० पिकोफॅरड दिलाय. ७ मेगाहर्ट्झला (४० मीटर बँड) त्याचा रिॲक्टन्स, म्हणजे एसीला होणारा विरोध, साधारण १२६ ओहम होतो, २८ ला (१० मीटर) जेमतेम ३२. म्हणजे वरच्या बँडला ड्रायव्हरचा (आधीच्या टप्प्याचा) बराचसा करंट नुसतं गेट भरण्या-रिकामं करण्यातच जातो. शिवाय १२ व्होल्टवर ड्रेनचा (आउटपुटच्या पायाचा) कपॅसिटन्सही वाढलेला असतो. २४ व्होल्ट दिले तर सुधारतो, पण मग १२ व्होल्टच्या बॅटरीवर डोंगरावर नेण्यातली मजा गेली.

आरडी १६ रेडिओसाठीच घडवलेला: १२.५ व्होल्टवर, ३० मेगाहर्ट्झला १६ वॅट. मला त्याची खरी आवडणारी गोष्ट मात्र टॅब (मागची धातूची पट्टी). याचा टॅब सोर्सला (ग्राउंडला जाणाऱ्या तिसऱ्या पायाला) जोडलेला, त्यामुळे थेट हीटसिंकवर स्क्रूने आवळा. आयआरएफचा टॅब म्हणजे ड्रेन. खाली मायका (वीज न वाहणारी चकती) घालावाच लागतो आणि तो मायका ड्रेन नि ग्राउंडमध्ये आयता कपॅसिटर होऊन बसतो. पायांचा क्रमही वेगळा (आयआरएफचा गेट-ड्रेन-सोर्स, आरडीचा गेट-सोर्स-ड्रेन), तेव्हा जुन्या बोर्डावर नुसता बदलून चालणार नाही.

आरडी काही पटींनी महाग, आणि ऑनलाइन फारच स्वस्तात दिसला तर नकली समजा.

४० नि २० मीटरपुरतं काम असेल तर मी आयआरएफच घेईन; एकाच बँडवर क्लास ई (ट्रान्झिस्टर स्विचसारखा वापरणारं) सीडब्ल्यू, म्हणजे मोर्स करायचं असेल तर डोळे झाकून. १५ आणि १० मीटरवर एसएसबी (आवाजाचं प्रसारण) हवं असेल तर आरडी, खर्च सोसून. लो-पास फिल्टर (वरच्या नको त्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) दोघांनाही लागतोच. पहिल्यांदा पॉवर देताना बायसचा (गेटला दिलेल्या स्थिर व्होल्टेजचा) प्रीसेट शून्याकडे ठेवा, आउटपुटला डमी लोड (अँटेनाऐवजी रेझिस्टर) लावा आणि अँमीटरकडे बघत हळूहळू वाढवा.